मुलीने एम.ए. पुण्यात करावे की छत्रपती संभाजीनगरात?

केज तालुक्यातील एका गावातून, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असलेले एक वाचक लिहितात :

‘मुलीने तालुक्याच्या महाविद्यालयातून इतिहास विषय घेऊन बी.ए. केले, गुण चांगले आहेत. एम.ए.साठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास विभागातच प्रवेश घ्यायचा, असे तिने ठरवून टाकले आहे. माझे मेहुणे पुण्यात असतात. मागासलेल्या भागातल्या विद्यापीठाच्या पदवीला बाहेर कोणी विचारत नाही, मुलीला इकडे पाठवा, असा त्यांचा आग्रह आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात तीन वर्षांत तास किती झाले हे न विचारलेले बरे. त्यामुळे माझाही विश्वास डळमळला आहे. त्यात माझे वडील, वय ८२, याच विद्यापीठाचे जुने पदवीधर. ते आजही नुसते “मराठवाडा विद्यापीठ” म्हणतात, मुलगी पूर्ण नाव घेते, आणि जेवायच्या वेळी त्यावरून वाद होतो. पुण्याचा खर्च ओढाताण करून झेपेल. काय करावे?’

गुरुजी, स.न.वि.वि.

आपल्या मुलीला इतिहास हा विषय खरोखर शिकायचा असेल, तर तिला संभाजीनगरला जाऊ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. याला दोन अपवाद आहेत, ते पुढे सांगतो. आपल्या मेहुण्यांच्या मनात भाचीचे हितच आहे यात शंका नाही, परंतु त्यांच्या बोलण्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील अनुभवामुळे आपल्याही मनात तीच सरमिसळ झाली आहे.

आपल्याकडे ‘विद्यापीठ’ या एकाच नावाखाली दोन निरनिराळी कामे चालतात. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवायचे महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची, अशा रचनेचे. स्वतःचे पदव्युत्तर विभाग काढून शिकवण्याचे काम विद्यापीठांनी पुढे हाती घेतले; पण संलग्न महाविद्यालयांचा डोलारा तसाच राहिला आणि वाढत गेला. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतील चारशेहून अधिक महाविद्यालये या विद्यापीठाला संलग्न आहेत. आपल्या मुलीच्या बी.ए.च्या प्रमाणपत्रावर विद्यापीठाचे नाव आहे, परंतु तिला शिकवले, किंवा आपण सुचवता त्याप्रमाणे शिकवले नाही, ते त्या महाविद्यालयाने. संलग्नता देताना आणि ती पुढे चालू ठेवताना डोळेझाक झाली असेल तर विद्यापीठावरही त्याची जबाबदारी येते, हे खरेच. पण त्या तीन वर्षांवरून आवारातील विभागाची परीक्षा करता येणार नाही. तिथे वेगळे शिक्षक आहेत, वेगळे ग्रंथालय आहे आणि मुख्य म्हणजे बरोबर बसणारे विद्यार्थी वेगळे आहेत.

पुण्यालाही हीच फूटपट्टी लावून पाहावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हणजे गणेशखिंडीतील आवारही आणि पुणे, अहिल्यानगर, नाशिक या जिल्ह्यांत पसरलेली शेकडो महाविद्यालयेही. मेहुण्यांना एवढेच विचारा, की भाचीला आवारातल्या इतिहास विभागात घालायचे आहे, की शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात नाव टाकून ठेवायचे आहे? मराठवाड्यातून पुण्याला गेलेल्या कित्येक मुलांचे काय होते ते आपण पाहतोच. प्रवेश कुठल्याशा महाविद्यालयात असतो, मुक्काम कॉट बेसिसवर पेठेतल्या एका खोलीत, आणि दिवस जातो महिन्याच्या भाड्याने घेतलेल्या अभ्यासिकेतील खुर्चीवर, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स घोकण्यात. याला पुण्यात एम.ए. करणे म्हणायचे असेल तर म्हणावे. मोठ्या शहरातील विद्यापीठ म्हणजे कारभार चोख, अशीही कोणी समजूत करून घेऊ नये. २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांच्या संगणकीय तपासणीच्या घोळात मुंबई विद्यापीठाचे निकाल महिनोन्‌महिने रखडले होते आणि ते प्रकरण कुलगुरूंना पदावरून दूर करण्यापर्यंत गेले होते.

आता पदवीला कोण विचारतो, याविषयी. महाविद्यालयात शिकवण्याची पात्रता देणाऱ्या नेट किंवा सेट परीक्षेला बसण्यासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना ५० टक्के. ते कोणत्या मान्यताप्राप्त विद्यापीठाचे, हे तिथे पाहिले जात नाही. लोकसेवा आयोगाला तर पदवी पुरते. खासगी नोकरीत शहराच्या नावाचा थोडा प्रभाव पडत असेल, परंतु इतिहासात एम.ए. झालेल्या मुलीची वाट बहुधा अध्यापन, संशोधन, पुराभिलेख, वस्तुसंग्रहालये किंवा स्पर्धा परीक्षा यांपैकी एका दिशेने जाते, आणि त्यांपैकी कुठेही ‘पुणे’ या दोन अक्षरांना वेगळे गुण नाहीत.

‘मागासलेल्या भागातले विद्यापीठ’ या शब्दांपाशी मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण हे विद्यापीठ नेमके त्याच कारणासाठी स्थापन झाले होते. निजामाच्या राजवटीत मराठवाड्याचे उच्च शिक्षण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या हाती होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. एका भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक आणि कायदा शिकवण्याचा तो धाडसी प्रयोग होता, हे मान्य केलेच पाहिजे; परंतु घरात मराठी बोलणाऱ्या बीड-परभणीच्या मुलाला त्या प्रयोगाचा उपयोग किती झाला असेल, हे आपण शिक्षक आहात, आपल्याला अधिक कळेल. औरंगाबादला १९२३ मध्ये महाविद्यालय निघाले ते इंटरमिजिएटपर्यंतचे, म्हणजे पदवीच्या आधीच्या वर्गांपुरते. पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून या महाविद्यालयात आणि उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांचा सत्याग्रह झाला, मुलांची नावे काढून टाकण्यात आली, आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. शिकण्यासाठी परमुलखात जाण्याची सवय आपल्याकडे इतकी जुनी आहे, की पुण्याच्या आग्रहातही तिचाच अंश असावा, असे मला कधी कधी वाटते.

हैदराबाद मुक्त झाल्यानंतर १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय, ज्याच्या इमारतीची कोनशिला सप्टेंबर १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसली. त्याच १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, न्यायमूर्ती पळणीटकर यांच्या समितीने स्वतंत्र विद्यापीठाची शिफारस केली, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. पहिले कुलगुरू डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाच्या प्रशासनात मुरलेले गृहस्थ होते. तेव्हा संपूर्ण मराठवाडा, म्हणजे त्या वेळचे पाचही जिल्हे, या एकाच विद्यापीठाकडे होते. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे निघाले ते १७ सप्टेंबर १९९४ रोजी, आणि धाराशिवचे उपकेंद्र २००४ मध्ये. आपल्या वडिलांचे वय पाहता ते अगदी सुरुवातीच्या काही तुकड्यांतले पदवीधर असणार. हैदराबादला न जाता मराठवाड्यातच पदवी मिळवलेली ती पहिली पिढी. ते ‘मराठवाडा विद्यापीठ’ म्हणतात तेव्हा कदाचित ही आठवण बोलत असेल, आणि मुलीने ती समजून घ्यायला हवी.

मात्र या नावाची दुसरी बाजू आपल्या वडिलांनीही समजून घेतली पाहिजे, आणि इथे मी गोलमोल लिहिणार नाही. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. त्यानंतर मराठवाड्यात जी हिंसा झाली तिच्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली, शेकडो कुटुंबे गाव सोडून गेली. ठराव कागदावरच राहिला. १९७९ मध्ये जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. सत्याग्रह, तुरुंगवास, आत्माहुती असे सगळे होत अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. ‘मराठवाडा’ हा शब्द तसाच ठेवून त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. ज्या माणसाने या भागात महाविद्यालय काढून गोरगरिबांच्या मुलांसाठी वर्ग उघडले, त्याचे नाव विद्यापीठाला द्यायला साडेपंधरा वर्षे आणि इतके जीव लागावेत, याचे समर्थन प्रादेशिक अस्मितेच्या नावाने करता येत नाही. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी गावोगावचे लोक लेकराबाळांसह येतात, कमानीसमोर हात जोडतात, फोटो काढतात आणि रस्त्याच्या कडेला लागलेल्या दुकानांतून पुस्तके विकत घेऊन परत जातात. त्यांतल्या पुष्कळांनी त्या कमानीच्या आत बसून एकही तास ऐकलेला नसतो. मुलीच्या वर्गात याच घरांतून आलेली मुले-मुली असतील. ती पूर्ण नाव घेते हे योग्यच आहे; तिला त्याबद्दल टोकू नये.

वाद मिटवण्याचा एक उपाय मला सुचतो, आणि तो तिच्या अभ्यासाच्याही कामाचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षांच्या एम.ए.मध्ये संशोधन पद्धतीचा स्वतंत्र अभ्यास आणि नंतर संशोधन प्रकल्प करावा लागतो. पुष्कळ मुले तो प्रकल्प आधीच्या कोणाचा तरी पाहून उरकतात. आपल्या घरात मात्र ८२ वर्षांचा साक्षीदार बसलेला आहे. निजामाचा काळ त्यांना पुसटसा आठवत असेल, त्यांनी नवे विद्यापीठ सुरू होताना पाहिले आहे, १९७२ चा दुष्काळ, १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन आणि १९७८ पाहिले आहे. मुलीने त्यांच्याशी हुज्जत न घालता त्यांची रीतसर मुलाखत घ्यावी. प्रश्न आधी लिहून काढावेत, मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, तारखा वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांशी ताडून पाहाव्यात, आणि त्याच काळाबद्दल गावातल्या दुसऱ्या वस्तीतील त्यांच्या वयाच्या माणसाचीही मुलाखत घ्यावी. दोन्ही मुलाखती शेजारी ठेवल्या, की मौखिक इतिहास म्हणजे काय ते तिला कोणत्याही गाईडपेक्षा चांगले कळेल.

विषयाच्या दृष्टीने पाहिले तर हे आवार इतिहासाच्या विद्यार्थ्याला फार सोयीचे आहे. सातशेहून अधिक एकरांचे हे आवार डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागच्या डोंगरात औरंगाबादच्या बौद्ध लेणी, लगतच सतराव्या शतकातला सोनेरी महाल, येण्याच्या वाटेवर नागसेनवन हा मिलिंद महाविद्यालयाचा परिसर, आणि हाकेच्या अंतरावर बीबी का मकबरा. वेरूळ आणि दौलताबाद सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याजोगे, पैठणही तसेच, अजिंठ्याला मात्र दिवस मोडावा लागतो. शहर म्हटले तर मलिक अंबरने वसवलेले खडकी, आणि त्याच्या नहरींचे, म्हणजे पाणी आणणाऱ्या कालव्यांचे, अवशेष अजून दिसतात. विद्यापीठाचे स्वतःचे इतिहास वस्तुसंग्रहालय आहे, पाली आणि बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे, उर्दूचा विभाग आहे. सातवाहनांपासून निजामापर्यंतचा काळ ज्या विद्यार्थ्याला पायी फिरून पाहता येतो, त्याने तो पुण्यात बसून पाठ करावा, हे मला पटत नाही.

परंतु उणीवही सांगितली पाहिजे. मराठवाड्याचा इतिहास या भूमीत घडला तरी त्याचे कागद इथे फारसे नाहीत. मोगल आणि निजामकालीन दफ्तरांचा मोठा साठा हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहे, पेशवाईचे दफ्तर पुण्यात आहे, आणि हे सगळे कागद फारसी, उर्दू आणि मोडी (जुन्या मराठी कागदांची लिपी) यांत आहेत. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे एक कार्यालय संभाजीनगरात आहे, तिथे सुरुवात करता येईल. भाषा आणि लिपी न शिकता या भागाच्या मध्ययुगीन इतिहासावर पीएच.डी. करणारे लोक मी पाहतो आणि मला खेद वाटतो, कारण ते दुसऱ्यांनी छापलेल्या पुस्तकांची तिसरी नक्कल करत असतात. आपल्या मुलीने पहिल्याच वर्षी मोडी शिकून घ्यावी. नियमित सराव केला तर काही महिन्यांत साधी पत्रे वाचता येऊ लागतात. उर्दू लिपी तिला वर्गातली एखादी मैत्रीणसुद्धा शिकवू शकेल, त्या शहरात ते अवघड नाही. फारसीला वेळ लागतो, ती घाई नको.

आता ते दोन अपवाद. तिचे मन इतिहासापेक्षा उत्खननात, खापरांत आणि हाडांत रमणारे असेल, तर मेहुण्यांचे म्हणणे ऐकावे आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाचा अर्ज भरावा. इनामगाव आणि नेवासे येथील उत्खननांची परंपरा असलेली ती संस्था आहे आणि त्या विषयात तिची बरोबरी करणे कोणत्याही प्रादेशिक विद्यापीठाला जड जाईल. दुसरा अपवाद असा, की एम.ए. हे निमित्त असून मुलीला खरे तर स्पर्धा परीक्षाच द्यायची असेल, तर तसे तिने मोकळेपणाने सांगावे. त्यासाठी एम.ए.ची गरज नाही, आणि विभागातील एक जागा अडवून ठेवण्याचेही कारण नाही.

निर्णयापूर्वी एक काम मात्र आपण दोघांनी स्वतः करावे. प्रवेशाची यादी लागण्याची वाट न पाहता, अध्यापन चालू असेल अशा दिवशी, सुट्ट्या आणि परीक्षा टाळून, बीडमार्गे एसटीने संभाजीनगरला जावे आणि सकाळी अकराच्या सुमारास इतिहास विभागात जाऊन उभे राहावे. सूचनाफलकावर वेळापत्रक असेल. त्या तासाला जो विषय लिहिला आहे तो त्या खोलीत खरोखर चालू आहे का, हे पाहावे. विभागप्रमुखांना भेटून मंजूर पदे किती, त्यांपैकी भरलेली किती आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणारे किती, हे नम्रपणे विचारावे. राज्यातील बहुतेक सर्व सार्वजनिक विद्यापीठांत वर्षानुवर्षे प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, त्यामुळे उत्तर ऐकून दचकू नये. तासिका तत्त्वावरचे शिक्षक कमी शिकवतात असे मुळीच नाही, कित्येकदा तेच अधिक जीव तोडून शिकवतात. परंतु वर्षाच्या मध्यात ते सोडून गेले तर विषय अधांतरी राहतो, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुण्याच्या विभागातही हाच प्रश्न विचारावा, म्हणजे तुलना न्याय्य होईल. शेवटी, दुसऱ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थिनींशी मुलीला एकटीला बोलू द्यावे. वडील शेजारी उभे असताना मुली खरे बोलत नाहीत.

वसतिगृहाचा प्रश्न प्रवेशाइतकाच महत्त्वाचा समजावा. आवारात मुलींची वसतिगृहे आहेत, पण जागा मर्यादित असतात आणि गुणवत्तेप्रमाणे मिळतात, तेव्हा प्रवेश निश्चित होताच त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज द्यावा. घरी जाऊन विचार करून मग देऊ, असे करू नये. आवारात राहिली तर संध्याकाळी ग्रंथालय बंद होईपर्यंत तिला बसता येईल, नाट्यशास्त्र विभागाचे प्रयोग पाहता येतील, व्याख्यानांना जाता येईल. हडको-सिडकोकडे खोली घेऊन राहिली तर दुपारच्या तासानंतर तिचे विद्यापीठ संपते. पुण्याच्या खर्चातून जे पैसे वाचतील त्यांतून दर सुट्टीत हैदराबादची किंवा पुण्याची एक अभ्याससहल आणि चांगली पुस्तके सहज होतील, आणि वाचलेल्या पैशांचा तो उत्तम उपयोग ठरेल. विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजनाही आहे; तिला संकोच वाटत नसेल तर तीही विचारून ठेवावी.

पुण्याचाही अर्ज भरून ठेवायला माझी हरकत नाही, एवढेच मेहुण्यांचे मन राखता येईल. दोन्ही ठिकाणी नाव लागले आणि संभाजीनगरला वसतिगृह मिळाले, तर पुण्याचा प्रवेश मुदतीत रद्द करून शुल्क परत मागावे. मुदत उलटली की कपात वाढत जाते, म्हणून ती तारीख आताच कॅलेंडरवर लिहून ठेवा.